अँजिओप्लास्टीनंतर ओमेगा-३ च्या कॅप्सूलनं रक्तवाहिन्यांची सूज उतरते का?

वडिलांची अँजिओप्लास्टी झालीय, ओळखीच्या माणसानं ओमेगा-३ वाल्या फिश ऑइलची डबी दिलीय, 'आतली सूज उतरते' म्हणालाय. घ्यावी का आणि कुठल्या कंपनीची, असं विचारलंय तुम्ही. कंपनी मी सांगणार नाही. पण यावरून आमच्या घरात जेवता जेवता ताटावरून उठण्यापर्यंत भांडणं झालीत, म्हणून लिहितोय.

आमच्या आबांना स्टेंट बसल्यावर दाजींनी नेटवर्क मार्केटिंगमधली अशीच डबी आणली. काही महिन्यांनी सीआरपीचे (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) दोन रिपोर्ट शेजारी शेजारी मांडून म्हणाले, "बघा, सूज गेली." आता पहिला रिपोर्ट कधीचा? आबांची दाढ पिकली होती, गाल सुजून डोळा मिटायला आला होता, त्या आठवड्यातला. सीआरपी अशा इन्फेक्शननंही चढतो आणि ते बरं झालं की उतरतो. राजारामपुरीत दाढ काढली म्हणून तो उतरला, कॅप्सूलनं नव्हे. हे मी तेव्हाही सांगितलं, पण जावयापुढं कोण ऐकतंय! त्याहून वाईट म्हणजे त्या भरवशावर आबांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, गुपचूप बंद केलं. पुढच्या तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चढलेलं.

मी डबी फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. पुढं ठसठशीत १००० मिलिग्रॅम, मागं ईपीए १८० आणि डीएचए १२०, हीच ती दोन ओमेगा-३. म्हणजे कामाचं ३००. २०१८ च्या रिड्यूस-इट चाचणीत फायदा दिसला तो रोज ४ ग्रॅम शुद्ध केलेल्या ईपीएच्या औषधानं, तोही स्टॅटिन चालू ठेवून आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढलेल्यांत. या डबीतनं तेवढं ईपीए मिळवायचं तर दिवसाला वीसवर कॅप्सूल लागतील. शिवाय त्या चाचणीत तुलनेच्या गटाला मिनरल ऑइल दिलं होतं आणि त्यांचा सीआरपी वाढला, त्यामुळं फायदा फुगून दिसला का, हा वाद मिटलेला नाही. २०२० च्या स्ट्रेंथ चाचणीत तुलनेला मक्याचं तेल होतं. तिथं ईपीए-डीएचए घेणाऱ्यांचा सीआरपी जास्त उतरला, पण अटॅक कमी झाले नाहीत. सूज उतरली म्हणजे हृदय वाचलं, हे दाजींचं गणित तिथंच चुकतं.

दाजी १९९९ च्या इटलीतल्या अभ्यासाचा दाखला देतात. तो खरा आहे. अटॅक येऊन गेलेल्यांत रोज १ ग्रॅमनं मृत्यू कमी झाले होते. पण त्यातले फार थोडे लोक सुरुवातीला स्टॅटिनवर होते. आज तुमच्या वडिलांना ते मिळतंय, म्हणून तेव्हाचा फायदा तसाच मिळेल असं धरू नका.

मासे खाणार असतील तर घाट चढून येणारा बांगडा, तारली खायला घाला, तेलात न तळता. जवसाची चटणी चांगलीच, पण त्यातनं शरीरात ईपीए फार थोडं तयार होतं.

हां, ट्रायग्लिसराइड चढलंय म्हणून डॉक्टरांनीच लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. माझं वाचून बंद करू नका. मात्र जास्त डोसनं एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा) धोका वाढतो, धडधड जाणवली तर लगेच डॉक्टरांना सांगा.

आणि आज वडिलांचा गोळ्यांचा डबा स्वतः उघडून स्टॅटिनची पाकिटं मोजा. नुसतं विचारू नका, आमचे आबा विचारल्यावर "घेतली की" असंच म्हणायचे.