वाचकांचे प्रश्न : आऊटबोर्डला पंखा कोणता बसवावा?

प्रश्न (शिवोली) : आमची १६ फुटी फायबरची होडी, तिच्या मागे बाहेरून लावलेलं (आऊटबोर्ड) १५ हॉर्सपॉवरचं फोरस्ट्रोक इंजिन. पंख्यावर (प्रोपेलरवर) ९¼ × ११ असं कोरलेलं आहे. एकट्याने गेलो तर होडी छान पळते. चौघेजण, जाळं आणि बर्फाची पेटी घेऊन शापोरा नदीच्या मुखाकडे निघालो की ती नाक वर करून रखडते. मीटर लावून पाहिला : पूर्ण थ्रॉटलला एकट्याने ५२०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), भरलेल्या होडीत ४६००. मोठा पंखा घ्यावा का?

उत्तर : मोठा घेतलात तर दुखणं वाढेल. तुम्हाला कमी पिचचा पंखा हवा.

पहिला आकडा व्यासाचा, सव्वानऊ इंच. दुसरा पिचचा : पंखा लोण्यात फिरावा तसा न घसरता फिरला, तर एका फेऱ्यात ११ इंच पुढे जाईल. पिच जास्त म्हणजे दर फेऱ्याला इंजिनावर ओझंही जास्त. तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल काढा. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कितीच्या दरम्यान हवेत ते त्यात दिलेलं असतं. या ताकदीच्या बऱ्याच इंजिनांना ते ५००० ते ६००० असतं. तुमचं ४६०० वर अडकतंय. असं महिनोन्‌महिने चाललं की इंजिन तापतं, प्लग आणि पिस्टनवर काजळी धरते, पेट्रोल जास्त जातं ते वेगळंच.

पंखा निवडायचा तो नेहमीच्या ओझ्याने भरलेल्या होडीवर. एकट्याने मारलेली चक्कर इथे उपयोगाची नाही. पिच एक इंच कमी केली की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. ११ वरून ८ वर आलात तर भरलेली होडी ५२०० च्या आसपास जाईल, एकट्याने ५८०० होतील. दोन्ही मर्यादेत. ७ घेतलात तर एकट्याने काटा ६००० ला टेकेल, म्हणून ८ वर थांबा. एकटे असताना होडीचा सर्वोच्च वेग थोडा घटेल, तो घटू द्या. व्यास सव्वानऊच ठेवा.

पण पैसे खर्च करण्याआधी होडी उलटी करून तळ पाहा. नदीत कायम नांगरून ठेवलेल्या होडीला बार्नॅकल (तळाला चिकटणारे शिंपल्यासारखे जीव) इतके चिकटतात की काही आठवड्यांत ४०० आरपीएम त्यांनीच खाल्लेले असतात. तळ खरवडा, पात्यांच्या कडा सरळ आहेत का बघा, थ्रॉटलची केबल ओढल्यावर कार्ब्युरेटरची झडप पूर्ण उघडते का तेही तपासा. प्लगच्या वायरला गुंडाळायचा मीटर वापरत असाल तर त्याचं सेटिंग तुमच्या इंजिनाप्रमाणे आहे ना? ते चुकलं की आकडा सरळ निम्मा किंवा दुप्पट येतो.

नवा पंखा बसल्यावर हा हिशेब करा. समजा गिअरचं प्रमाण २.०८ आहे, म्हणजे इंजिनाच्या २.०८ फेऱ्यांना पंख्याचा एक. ५२०० ला २.०८ ने भागलं की पंख्याचे २५०० फेरे. गुणिले ८ इंच म्हणजे मिनिटाला २०,००० इंच, ताशी साधारण ३०.५ किलोमीटर. मोबाईलच्या जीपीएसवर भरतीच्या बाजूने आणि उलट अशा दोन फेऱ्या मारून सरासरी काढा. ती २४ आली तर घसर (हिशेबापेक्षा वेग जितका कमी पडला तो) २१ टक्के, भरलेल्या छोट्या होडीला ठीक. घसर ३५ टक्क्यांच्या पुढे गेली तर इंजिनाची उंची बघा : पंख्याच्या वर इंजिनाला असलेली आडवी पट्टी होडीच्या तळाशी समपातळीत किंवा फार तर इंचभर खाली हवी. वर असेल तर पंखा हवा ओढतो.

प्रश्न (बेतूल) : साळ नदीत वाळूच्या पट्ट्याला पंखा घासला. आता थ्रॉटल वाढवला की इंजिन ओरडतं, होडी मात्र जागची हलत नाही. हळू चालवली तर चालते. गिअर गेला का?

उत्तर : बहुतेक नाही. पंख्याच्या मधल्या पितळी नळीभोवती रबराचं बूश असतं. धक्का बसला की ते सुटावं आणि गिअर वाचावा, याचसाठी ते असतं. खात्री करायला नळीपासून पंख्याच्या अंगापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा आणि दोन मिनिटं जोर द्या. रेघ तुटली तर बूश घसरतंय. तोवर कमी थ्रॉटलवर घरी यायला हरकत नाही. दोन ते पाच हॉर्सच्या काही इंजिनांत बूशऐवजी पिन असते. ती तुटल्यावर खिळा घालणारे महाभाग आहेत. खिळा तुटत नाही, मग गिअर तुटतो.

प्रश्न (पणजी) : स्टीलचा पंखा घेतला तर जास्त टिकेल ना?

उत्तर : पंखा टिकेल, पण धक्का पुढे गिअरला बसेल. वाळूचे पट्टे आणि कालवांचे खडक असलेल्या पाण्यात छोट्या इंजिनाला ॲल्युमिनियमच बरा; तो वाकतो, पण धक्क्याचा बराचसा भाग स्वतःवर घेतो. स्टीलच्या पैशात दोन ॲल्युमिनियमचे येतात, दुसरा होडीत ठेवा. सोबत नट, वॉशर, पक्कड आणि नवी कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती).

प्रश्न (केरी, पेडणे) : पंखा किती दिवसांनी काढावा?

उत्तर : खाऱ्या पाण्यात दोन महिन्यांनी एकदा, आणि १ जूनला मासेमारी बंद झाल्यावर नक्की. आधी प्लगच्या वायरी काढा. पाते आणि वरची पट्टी यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडवा. आतला जाड वॉशर कोणत्या बाजूने होता ते लक्षात ठेवा, उलटा बसला तर पंखा गिअरच्या घराला घासतो. शाफ्टला गुंडाळलेली गरीची तंगूस कापून काढा. ती सीलमध्ये (शाफ्टभोवतीच्या, पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यात) शिरते आणि पाणी आत जातं. शाफ्टच्या दात्यांना मरीन ग्रीस लावून पंखा बसवा, कॉटर पिन दरवेळी नवी. गिअर ऑईलचा खालचा स्क्रू किंचित सैल करून थेंबभर तेल बघा. चहासारखं दुधाळ दिसलं तर सील आधी बदला, तेल मग.