१,१८,००० चा मॉनिटर आणि चातुर्मासाचे चार महिने

सांगलीहून एका तरुण वाचकाने लिहिलं आहे: "ताई, मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. शूट करत नाही, चार फोटोग्राफर फुटेज आणून देतात. माझा मॉनिटर सहा वर्षांपूर्वीचा, साडेएकवीस इंची, ऑफिसात असतो तसला. कलरच्या तक्रारींमुळे फिल्म परत येतात. पुण्यातल्या मित्राने २७ इंची ४के प्रोफेशनल मॉनिटर घेतलाय, १,१८,००० चा. दुकानदार मला तोच बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर द्यायला तयार आहे. दुसरा एक ३४,००० चा पाहिलाय. मित्र म्हणतो, घ्यायचा तर एकदाच चांगला घे. काय करू?"

तुम्ही हिशेबाची वही उघडून आकडे पाठवलेत, म्हणून उत्तरही आकड्यांतच देते.

वर्षाला ४५ फिल्म, सरासरी ९,००० रुपये, म्हणजे ४,०५,०००. रील्स आणि किरकोळ कामांचे ६०,०००. एकूण जमा ४,६५,०००. घरात देता महिन्याला २२,०००, म्हणजे वर्षाचे २,६४,०००. वीज, इंटरनेट, हार्ड डिस्क, सॉफ्टवेअर मिळून ७०,०००. कॉम्प्युटरच्या कर्जाचा हप्ता ५,२००, एसआयपी ३,०००. हे सगळं वजा केलं की वर्षाकाठी हातात उरतात ३२,६००. महिन्याला २,७०० रुपये. त्यात ९,८३३ रुपयांचा नवा हप्ता कुठे बसवणार?

पण मला वार्षिक बेरजेपेक्षा तुमच्या महिन्यांची काळजी जास्त वाटते. तुमचा धंदा मुहूर्तांवर चालतो. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि आषाढी एकादशीच्या आसपास थंडावतो. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत मिळून जेमतेम ५०,००० येतात, असं तुम्हीच लिहिलंय. त्या चार महिन्यांचा खर्च बघा: घर, हप्ता, एसआयपी आणि वीज-इंटरनेटचे महिना ४,००० धरले तर महिन्याला ३४,२००, चार महिन्यांचे १,३६,८००. जमा ५०,०००, म्हणजे खड्डा ८६,८०० चा. आज बँकेत १,४०,००० आहेत, ते सीझनने दिलेत. त्यातले ८६,८०० आधीच चातुर्मासाच्या नावावर लागलेले आहेत. उरले ५३,२००. तुमचं खरं बजेट तेवढंच. दुकानात शिरताना हा आकडा डोक्यात ठेवा. नवा हप्ता घेतलात तर त्याच चार महिन्यांत आणखी ३९,००० लागतील. मुहूर्त नसले तरी हप्ता थांबत नाही.

आता मॉनिटर हवाच का? हवा. याबाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. मागे कोथरूडमध्ये एका क्लायंटच्या स्टुडिओत बसले होते. त्याने हळदीची एकच फ्रेम दोन स्क्रीनवर लावली. जुन्या मॉनिटरवर नवरीचा चेहरा थोडा निळसर आणि फिका, म्हणून त्याने आदल्या दिवशी पिवळा आणि तांबडा रंग वाढवला होता. तीच फ्रेम रंग जुळवलेल्या मॉनिटरवर आणली आणि तीच फिल्म माझ्या फोनवर उघडली, तर मुलगी कावीळ झाल्यासारखी दिसत होती. हिरवा चुडा काळपट, शालूची जर सपाट. चूक त्याच्या हाताची नव्हती. स्क्रीन 'कूल' मोडवर निळा होता आणि तो बिचारा इमानदारीने त्या निळ्याशी भांडत होता. तुमच्याकडे परत येणाऱ्या फिल्मचं कारणही बहुधा हेच असावं.

त्याची किंमत काढू. गेल्या वर्षी १४ फिल्म कलरसाठी परत आल्या, प्रत्येकीला सुमारे पाच तास गेले. एका फिल्मला तुम्हाला तीस तास लागतात, म्हणजे तुमचा तास ३०० रुपयांचा. चांगल्या मॉनिटरने चौदाच्या चौदा वाचणार नाहीत, कारण लोकांचे फोनही भडक मोडवर असतात. दहा वाचल्या असं धरते. ५० तास, १५,००० रुपये वर्षाला. सीझनमध्ये तुम्ही काम परत पाठवता, त्यामुळे वाचलेल्या तासांना गिऱ्हाईक आहे. ही बचत कागदावरची नाही.

स्क्रीनवर लावून रंग मोजायचं यंत्र, कॅलिब्रेटर, तुम्ही १८,००० ला विचारून आलात. ते एकट्याने घेऊ नका. महिन्यातून एकदा अर्धा तास लागणारी वस्तू आहे. सांगली-मिरजेतले तीन एडिटर मिळून घ्या, प्रत्येकी ६,०००. म्हणजे ३४,००० आणि ६,००० मिळून ४०,०००. वर्षाला १५,००० वाचले तर पावणेतीन वर्षांत वसूल. महागाचा घेतलात तर १,२४,०००, आणि त्याच १५,००० च्या बचतीवर वसूल व्हायला सव्वाआठ वर्षं. तुमचा आत्ताचा मॉनिटर सहा वर्षांत थकला.

वरचे ८४,००० वाया जातात असं मी म्हणत नाही. त्या पैशात रंगांचा जास्त मोठा आवाका मिळतो, कोपऱ्यापासून मध्यापर्यंत एकसारखा उजेड मिळतो, रंगजुळणी मॉनिटरच्या आतच साठवता येते. ओटीटी किंवा सिनेमासाठी रंग लावणाऱ्याला हे लागतंच. तुमच्या फिल्म मात्र व्हॉट्सअॅप, यूट्यूब आणि हॉलमधल्या टीव्हीवर बघितल्या जातात. त्यासाठी आरईसी ७०९ हा टीव्हीसाठी ठरलेला साधा, जुना रंगपट्टा पूर्ण दाखवणारा आयपीएस पॅनेल (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारा पडदा) पुरतो. ३४,००० वाल्याच्या माहितीपत्रकात एसआरजीबी (कॉम्प्युटरचा तसाच रंगपट्टा) किंवा आरईसी ७०९ शंभर टक्के, डेल्टा ई म्हणजे रंगातली चूक २ पेक्षा कमी आणि कारखान्यातच रंग जुळवल्याचा दाखला, एवढं आहे का बघा. ४के नसून २५६०×१४४० असला तरी चालेल. फोकस तपासायचा तेव्हा फ्रेम शंभर टक्क्यांवर आणून बघा. 'एचडीआर ४००' या स्टिकरसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका, खऱ्या एचडीआर, म्हणजे जास्त उजळ-गडद चित्राच्या कामासाठी तेवढी प्रखरता अपुरी असते.

मित्राचा सल्ला त्याच्यासाठी बरोबर असेल. तो जीएसटी नोंदणी केलेला आहे, असं तुमच्या पत्रातच आहे. १,१८,००० मध्ये एक लाख मॉनिटरचे आणि १८,००० जीएसटीचे. ते १८,००० त्याला त्याच्या करातून वळते करून मिळतात. तुमची उलाढाल सेवांसाठीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या खूप खाली, नोंदणी नाही, म्हणून तुम्हाला पूर्ण १,१८,००० पडतात. दुकानदार म्हणाला ना, "घसारा दाखवा, टॅक्स वाचेल"? तुम्ही ज्याला आजवर ४४एडी म्हणत आलो त्या अनुमानित पद्धतीने, म्हणजे उलाढालीचे ठराविक टक्के नफा धरून, रिटर्न भरता. त्यात घसारा आधीच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही. म्हणजे टॅक्सचा फायदा शून्य.

आणि नो-कॉस्ट ईएमआय. बिनव्याजी कर्ज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरमध्ये बँकांना लेखी बजावलं होतं. कार्डवर बँक व्याज लावतेच. तेवढी सूट विक्रेता किंवा कंपनी देते म्हणून ते दिसत नाही. वर्षाला १५ टक्के दर धरला तर तुमच्या हप्त्यांत सुमारे ९,००० व्याज असेल. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे १,६००, तुमच्या खिशातून जाणार, वर प्रोसेसिंग फी. रोख घेणाऱ्याला दुकानदार जे कमी करून देतो, तेही गेलं. म्हणून ३४,००० वाला रोख घ्या, आणि घासाघीस करा.

पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंय की फोटोग्राफर मंडळींकडे ७२,००० अडकलेत. ती ओळ मी तीनदा वाचली. दोन मॉनिटरचे पैसे लोकांच्या घरात पडलेत आणि आपण हप्त्याचा विचार करतोय! उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, ऑनलाइन होते. ती आधी करून घ्या. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, उशीर झाला तर व्याज लागतं. नेहमीच्या फोटोग्राफरवर तुम्ही दावा लावणार नाही, लावूही नये. पण बिलावर उद्यम क्रमांक आणि "४५ दिवसांत देय" छापलेलं असलं की बोलणं सोपं होतं. पुढच्या सीझनपासून फुटेज हातात येताना अर्धे पैसे घ्या. जुन्या ७२,००० मधले निम्मे दिवाळीपर्यंत आले, तरी मॉनिटर फुकटात पडल्यासारखं आहे.

दिवाळीच्या ऑफरसाठी थांबायचं का, हेही विचारलंत. थांबू नका. मे महिन्यातल्या लग्नांच्या अकरा फिल्म तुमच्या टेबलावर आहेत, त्या जुन्या स्क्रीनवर केल्या तर त्यातल्या तीन-चार परत येतील. एसआयपी बंद करू नका, कॉम्प्युटरच्या कर्जाचे नऊच हप्ते राहिलेत, तेही तसेच चालू द्या.

५३,२०० मधून ४०,००० गेले की १३,२०० राहतात. यूपीएसची बॅटरी बदलायला झाली असेल तर ती त्यातून बदला, बाकीचे बँकेतच असू द्या. मॉनिटरसमोरची रंगीत भिंत आणि मागची ट्यूबलाइट डोळ्याला फसवतात. भिंत राखाडी करून घ्या, स्क्रीनच्या मागे ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, मंद दिवा लावा. एचडीएमआयने जोडलात तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रेंज 'फुल' आहे का बघा, 'लिमिटेड' असेल तर काळा रंग धुरकट दिसतो आणि तुम्ही पुन्हा चुकीच्या दिशेने कॉन्ट्रास्ट वाढवाल.

महागाच्या मॉनिटरचा विषय पुढच्या जूनमध्ये पुन्हा काढू. तोपर्यंत कॉम्प्युटरचं कर्ज फिटलेलं असेल. चातुर्मासाचे पैसे वेगळ्या खात्यात जमलेले असतील आणि कोणी सिनेमा किंवा वेबसिरीजच्या कलरचं काम लेखी ठरवून दिलं असेल, तर मीच तुम्हाला घ्या म्हणेन. तेव्हा फक्त मॉनिटर धरून चालणार नाही. रंगाचा सिग्नल थेट बाहेर काढणारं डेकलिंकसारखं कार्डही लागेल, त्याचे पैसे आधी धरा.

आत्ता घ्यायच्या ३४,००० वाल्याचा खोका दुकानातच उघडायला लावा. पूर्ण पांढरा, पूर्ण काळा, मग लाल, हिरवा, निळा असे पाच स्क्रीन पेन ड्राइव्हवर घेऊन जा आणि एकेक लावून मेलेला पिक्सेल किंवा कोपऱ्यात उजेडाचा डाग दिसतो का बघा. पॅनेलची वॉरंटी किती वर्षांची आणि किती पिक्सेल गेल्यावर बदलून देणार, हे बिलावर लिहून घ्या.