जुन्या पिकअपचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) गळतोय, तो काढून ७५० सीएफएमचा होली बसवू का?

बसवू नका.

तुमच्या प्रश्नात सगळं आलंय: १९७६ ची शेव्हरोले पिकअप, ३५० घनइंचाचं व्ही-८, ऑटोमॅटिक गिअर. रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ सेल मारावा लागतो, चालताना काळा धूर येतो, आणि मिस्त्री म्हणतो क्वाड्राजेट ही कायमची डोकेदुखी, फेकून दे, मोठा होली टाक, ताकदही वाढेल. हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. मोठ्या कार्ब्युरेटरने ताकद वाढत नाही. इंजिनाला हवा लागते तेवढीच ते ओढतं.

हिशोब सोपा आहे. घनइंच गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ३४५६, की झाले सीएफएम, म्हणजे मिनिटाला लागणारी हवा घनफुटांत. (एका घनफुटात १७२८ घनइंच, आणि फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणून ३४५६.) ३५० गुणिले ४५००, भागिले ३४५६, म्हणजे ४५६. जुनं साधं इंजिन ऐंशी टक्क्यांच्या आसपास भरतं, तेव्हा खरी गरज ३६५. पिकअप माल ओढते १५०० ते ३००० फेऱ्यांत, तिथे तर याच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांशावर भागतं. मग ७५० कशाला?

यावर ठरलेलं उत्तर येतं: क्वाड्राजेटही ७५० चाच आहे ना! आहे. पण त्याचे पुढचे दोन बोअर (हवा जाण्याची भोकं) फक्त ३५ मिलिमीटरचे आणि मागचे दोन ५७ चे. रोजची गाडी पुढच्या लहान बोअरवर चालते. भोक लहान म्हणून हवेचा वेग जास्त, व्हेंच्युरीतला (बोअरच्या अरुंद भागातला) ओढा चांगला, आणि कमी फेऱ्यांतही पेट्रोल बारीक फवाऱ्याने येतं. मागच्या बोअरवर स्प्रिंगचा हवेचा पडदा असतो. पाय पूर्ण दाबला तरी तो इंजिन ओढेल तेवढाच उघडतो. ७५० च्या होलीत चारही बोअर सारखे, ४३ मिलिमीटरचे. त्याच्या पुढच्या मोठ्या बोअरमधून कमी फेऱ्यांत हवा मंद जाते, ओढा कमी पडतो, चढावर भरलेली गाडी दम खाते. आकडा सारखा असला तरी वागणं सारखं नाही. माल ओढणाऱ्या गाडीसाठी क्वाड्राजेटची मांडणीच योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे. त्याला डोकेदुखी म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो नीट उघडलेलाच नसतो.

आता तुमची लक्षणं. सकाळी इंजिन चालू करायच्या आधी एअर क्लीनर काढा, चोकचा पडदा बोटाने उघडा आणि हाताने थ्रॉटल ओढा. पुढच्या दोन्ही बोअरमध्ये पेट्रोलची एकेक धार पडली पाहिजे. धार नाही तर बहुधा फ्लोटचा कप्पा (कार्ब्युरेटरमधला पेट्रोल साठवायचा कप्पा) रिकामा आहे. (कप्प्यात पेट्रोल असूनही धार नसेल तर अॅक्सिलरेटर पंपाचा कप गेलाय.) कप्पा रिकामा होण्याची कारणं दोन. एक, तळाच्या वेल प्लगमधून (तळाची भोकं बुजवणाऱ्या बुचांमधून) पेट्रोल झिरपून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांत, उतरतं. दोन, बंद केलेल्या गरम इंजिनावर ते उकळून उडून जातं, आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जास्त लवकर उडतं. फरक ओळखायला कार्ब्युरेटर काढून खालचा थ्रॉटलचा भाग वेगळा करा, कप्प्यात पेट्रोल भरा आणि बॉडी कोऱ्या कागदावर उचलून धरा. डाग पडला तर प्लग गळतायत. प्लगभोवतीची जागा घासून पूर्ण कोरडी करा आणि पेट्रोलला टिकणारं दोन भागांचं इपॉक्सी लावा. डाग नाही पडला तर कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारं जाड गॅस्केट घाला.

काळ्या धुराचा पहिला संशयित फ्लोट, म्हणजे कप्प्यात तरंगून पेट्रोलची पातळी राखणारा भाग. क्वाड्राजेटचा फ्लोट फोमचा असतो, वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतो, नीट तरंगत नाही आणि पातळी वर चढते. नव्या फ्लोटबरोबर ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलून बघा. जड निघाला तर टाकून द्या, वाळवून उपयोग नाही. दुसरा संशयित पॉवर पिस्टन. मीटरिंग रॉड (जेटमधून किती पेट्रोल जाईल ते ठरवणाऱ्या सळया) त्याच्यावर लटकलेले असतात. मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम (इंजिनाचा ओढा) असताना तो खाली बसला पाहिजे. मळाने वर अडकला तर गाडी कायम भरपूर पेट्रोलवरच चालते. बोटाने दाबून सोडला की तो अजिबात न घासता वर आला पाहिजे.

उघडताना मिस्त्री लोक जिथे वाट लावतात त्या जागा सांगतो. पंपाच्या लिव्हरची पिन पूर्ण बाहेर काढायची नसते, लिव्हर सुटेल इतकीच आत सरकवायची. वरचं झाकण उचलण्याआधी मागचे मीटरिंग रॉड त्यांच्या पट्टीसकट काढा, नाहीतर वाकतील. दोन स्क्रू चोकच्या पडद्याजवळ आत खोल लपलेले असतात. ते न दिसल्यामुळे लोक झाकणाखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकतात आणि कास्टिंग फोडतात. पेट्रोल आत येण्याचा मोठा नट एक इंची पान्याने धरून मगच पाइपाचा नट फिरवा. बॉडी मऊ धातूची आहे, तिचे आटे एकदा गेले की गेले. बसवताना पुढचे दोन लांब बोल्ट जोराने आवळू नका. ते थेट आरपार जातात, आणि जास्त आवळल्याने झाकण वाकून हवा ओढायला लागतं.

साफ करणाऱ्या द्रावणात फक्त धातू टाकायचा. फ्लोट, रबर, प्लास्टिक काही नाही. जेटमध्ये तार घालू नका. पितळेचं भोक ओरखड्याने मोठं होतं आणि मग कुठलंच सेटिंग जमत नाही. कंप्रेसरच्या हवेने प्रत्येक वाट मोकळी झाल्याची खात्री करा. किट घेताना पंपाचा कप इथेनॉलला टिकणारा आहे ना ते बघा, जुन्या प्रकारचा लवकर कडक होतो. फ्लोटची उंची बॉडीवर ठोकलेल्या क्रमांकाप्रमाणे ठेवा. एकच माप सगळ्या क्वाड्राजेटना चालत नाही.

सेटिंगला हात घालण्याआधी स्पार्क प्लग आणि टायमिंग बघा. कार्ब्युरेटरच्या नावावर खपणाऱ्या अर्ध्या तक्रारी इग्निशनच्या असतात. मग इंजिन गरम करून व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला जोडा. मिक्श्चरचे दोन्ही स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवून अडीच फेरे बाहेर काढा, तिथून सुरुवात. एकेक स्क्रू पाव फेऱ्याने फिरवत सुई सगळ्यात वर जाईल तिथे आणा. धडधाकट इंजिनाला समुद्रसपाटीजवळ १७ ते २१ इंच मिळायला हवेत. सुई स्थिर नसेल किंवा स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल, तर थ्रॉटलच्या शाफ्टची भोकं झिजलीत का बघा. शाफ्ट वरखाली हलत असेल तर तिथून हवा आत जाते. तिथे ब्रॉन्झचे बुश बसवून घ्यावे लागतात, किटने ते काम होत नाही. टीप म्हणून सांगतो, हवा शोधायला गरम इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात त्यात आग लागू शकते, विझवण्याचं सिलिंडर हाताशी ठेवा.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. मुख्य बॉडी तडकली असेल किंवा आटे पार गेले असतील तर नवा घेणं बरोबर आहे. तरी ७५० नाही, ६०० बास. इलेक्ट्रिक चोकचा एडेलब्रॉक १४०६ निगेला सोपा, झाकण उघडलं तरी पेट्रोल कप्प्यातच राहतं. त्याला सहा पीएसआयच्या वर दाब देऊ नका, पेट्रोल अडवणारी नीडल उचलून ओव्हरफ्लो होतो. होलीच हवा असेल तर ६०० चा व्हॅक्यूम सेकंडरीचा (मागचे बोअर इंजिनाच्या ओढ्याने उघडणारा) घ्या, मेकॅनिकल सेकंडरी अशा जड ऑटोमॅटिक गाडीला नको. होलीचा पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागला की जादा पेट्रोल सोडणारा) ड्राइव्हमधल्या आयडल व्हॅक्यूमच्या साधारण निम्म्या आकड्याचा ठेवा. दोघांचंही तोंड चौकोनी मांडणीचं आहे आणि तुमचा मॅनिफोल्ड क्वाड्राजेटच्या लहान-मोठ्या बोअरचा, म्हणजे अॅडॅप्टर लागणार. त्याने उंची वाढते, बॉनेट बंद होतं का ते आधी मोजा. इलेक्ट्रिक चोकला वीज इग्निशन चालू असतानाच येणाऱ्या बारा व्होल्टच्या तारेवरून द्या, कॉइलवरून नाही.

आणि कार्ब्युरेटर बदलला की गिअरबॉक्सची किकडाउन केबल (पाय पूर्ण दाबला की खालचा गिअर पाडणारी) त्याच्या लिव्हरला पुन्हा नीट जुळवावी लागते. पूर्वीच्या कोणी गाडीत नंतरचा ७००आर४ गिअरबॉक्स बसवला असेल तर हे सगळ्यात आधी करा. त्याची केबल आतला दाब ठरवते, आणि ती चुकीच्या भोकात अडकवून गाडी चालवली तर क्लच जळतात.