वाचकांचे प्रश्न : सुट्टीतला मानवी हक्कांचा अभ्यास

प्रश्न : मी कोल्हापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र शिकते. राजकारण आणि मानवी हक्क या विषयावरील उन्हाळी अभ्यासवर्गासाठी माझी निवड झाली आहे. बाबांचे म्हणणे असे की, हक्क हा वकिलांचा विषय आणि राजकारण पुढाऱ्यांचे. विद्यार्थ्यांनी त्यात महिनाभर काय शिकायचे? जाण्यापूर्वी मी काय वाचावे?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : बाबांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आपल्या करवीरातच आहे. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु नव्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सरकारकडे पाठवावा, असेही त्याच आदेशात बजावले होते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मला तो तक्ता फार मोलाचा वाटतो, कारण दिलेला हक्क दप्तरात पडून राहू नये, याची तजवीज त्यात आहे. हक्क देणे आणि तो अमलात आणणे यांतले अंतर राजकारणानेच कापले जाते. म्हणून हे दोन विषय एकत्र शिकायचे.

हा आदेश वाचून झाल्यावर संयुक्त राष्ट्रांचा १० डिसेंबर १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा वाचा. त्याची ३० कलमे एका बैठकीत वाचून होतात. त्यानंतर १९९३ चा मानवी हक्क संरक्षण कायदा मात्र सावकाश वाचा. हक्कभंगाच्या घटनेला एक वर्ष उलटून गेले की या कायद्याने स्थापलेल्या मानवी हक्क आयोगाला तिची चौकशी करता येत नाही, आणि चौकशीत दोष सिद्ध झाला तरी आयोग सरकारला शिफारसच करू शकतो. त्या शिफारशीचा तिमाही तक्ता कोण मागतो, हा प्रश्न अभ्यासवर्गात अवश्य विचारा.

निघण्यापूर्वी बाबांना उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचमध्ये (फिरत्या खंडपीठात) एखादी सुनावणी ऐकायला घेऊन जा. ऑगस्ट २०२५ पर्यंत त्यासाठी आपल्या भागातील पक्षकाराला मुंबई गाठावी लागत असे. दाद मागण्याचा हक्क तेव्हाही होताच. ते न्यायालय दाराशी आणण्यासाठी मात्र वकिलांना आणि नागरिकांना कित्येक वर्षे आंदोलन करावे लागले, आणि त्या आंदोलनातले बरेच जण बाबांच्याच पिढीतले आहेत.