जपानसारख्या शहरी देशात दुर्मीळ रानमांजरे कशी वाचवतात, आणि ते उपाय आपल्या खेड्यांत चालतील का?

आपला प्रश्न असा आहे की, ज्या देशात दहापैकी नऊ माणसे शहरात राहतात तिथे रानमांजरासारखा लाजाळू प्राणी टिकतो कसा आणि तिथले उपाय आपल्याकडे लागू पडतील का. मी भंडारा जिल्ह्यातील धान उत्पादक शेतकरी आहे. प्राणिशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही, परंतु या विषयाच्या वाचनाचा नाद आहे आणि रानमांजर माझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, दर हंगामात दिसते, म्हणून उत्तर लिहिण्याचे धाडस करीत आहे.

देश शहरी झाला की माणसे शहरात एकवटतात आणि खेडी ओस पडतात, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. जपानच्या क्यूशू बेटाच्या आणि कोरियाच्या मधोमध त्सुशिमा नावाचे बेट आहे. भारतात आढळणाऱ्या बिबट मांजराचीच एक उपजात तिथे राहते. वजन तीन ते पाच किलो आणि संख्या फार तर शंभराच्या आसपास. हे मांजर डोंगरात राहत असले तरी उंदीर आणि बेडूक खाण्यासाठी भातशेतीत उतरते. गावातील तरुण निघून गेले, म्हातारी माणसे थकली, शेते पडीक राहून त्यांत झुडपे माजली, तसे मांजराचे हक्काचे खाद्यही आटत गेले. त्यावर तिथल्या सागो भागातील काही शेतकऱ्यांनी कीटकनाशके कमी वापरून भात पिकवायला आणि तो तांदूळ मांजराच्या नावानेच विकायला सुरुवात केली. मला हा उपाय सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात शेतकऱ्याला नुसता उपदेश न करता त्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळवून दिले आहे.

दुसरा धोका रस्त्यांचा. दक्षिणेकडील इरिओमोते या छोट्या बेटावरही अशीच सुमारे शंभर मांजरे उरली आहेत. तिथे रस्त्याखालून प्राण्यांसाठी वाटा काढल्या आहेत, वाहनांचा वेग मर्यादित ठेवला आहे आणि मांजर आडवे जाण्याच्या जागी फलक लावले आहेत. तिसरा धोका सहजासहजी लक्षात येत नाही, तो घरच्या मांजरांचा. त्सुशिमात 1996 साली एका रानमांजराच्या रक्तात पाळीव मांजरांचा विषाणू सापडला. इरिओमोतेवर पाळीव मांजरांसाठी 2001 पासून स्थानिक नियमच आहेत. स्कॉटलंडमध्ये घरच्या मांजरांशी इतका संकर झाला की, तिथली रानमांजरे स्वतःच्या बळावर टिकणार नाहीत असा निष्कर्ष तज्ज्ञांनी 2019 साली काढला आणि अखेर 2023 मध्ये बंदिस्त जागेत वाढवलेली मांजरे केर्नगॉर्म्सच्या जंगलात सोडावी लागली.

आता आपल्याकडचे. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आम्ही धानाच्या कडपा (कापून पसरलेले धान) उचलून पुंजणे (गंज्या) रचत होतो. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, तुरीखाली गवतात दोन पिल्ले दिसली आणि पाहता पाहता बांधीत ‘बिबट्याची पिल्ले’ म्हणून हाकाटी झाली. जवळ जाऊन पाहिले तर अंगावर ठिपके नव्हते, कानांच्या टोकाला काळ्या केसांचा बारीक झुपका होता आणि आखूड शेपटीवर काळी वलये होती. म्हणजे ती रानमांजराचीच होती. एक मजूर बाई लुगड्याच्या पदरात घालून ती घरी न्यायला निघाल्या होत्या. त्यांचा हेतू चांगला होता, पण वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते चालत नाही, आणि बाटलीतल्या दुधावर अशी पिल्ले बहुधा जगतही नाहीत. आम्ही त्या कोपऱ्यातील काम थांबवले, कुत्री हाकलली आणि अंधार पडण्याआधी सगळे घरी परतलो. सकाळी गवतातली जागा रिकामी होती आणि शेजारच्या ओल्या मातीत आईच्या पावलांचे ठसे होते.

राजस्थानातील सरिस्का येथील अभ्यासात एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर मारते असे आढळले होते. ज्याच्या पुंजण्यात उंदरांनी बिळे केली आहेत, त्याला या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको. तरीही आपण उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनसारखे विष ठेवतो. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि शिकाऱ्याला आयता सापडतो. त्याच्या शरीरातले विष मग मांजराच्या किंवा घुबडाच्या पोटात जाते. उन्हाळ्यात धुरे पेटवण्याची रीत तर याहून वाईट, कारण बांधी कोरड्या पडल्यावर लपायला तेवढीच जागा उरलेली असते. वाघाटी हे आपल्याकडचे सर्वांत लहान रानमांजर, भरले तरी जेमतेम दीड किलोचे. आगीपुढे त्याच्या पिल्लांचा काय टिकाव लागणार?

रस्त्यांच्या बाबतीत आपण अगदीच मागे नाही. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर रस्ता उंच उचलून खालून प्राण्यांना वाटा ठेवल्या आहेत, आणि तिथल्या कॅमेऱ्यांत वाघांबरोबर रानमांजरेही टिपली गेली आहेत. मात्र ही सोय वाघाच्या पुण्याईने झाली. आमच्या गावाजवळचा रुंद केलेला रस्ता कोणत्याही अभयारण्यातून जात नाही, त्यामुळे तिथे चिरडलेल्या मांजराची नोंदही कोणी ठेवत नाही.

जपानचा प्रत्येक उपाय जसाच्या तसा इथे चालणार नाही. तिथे शिवारात मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या नसतात. आमच्याकडे पिल्लांना खरी भीती त्यांचीच असते, आणि तालुक्याच्या गावी कुत्र्यांच्या नसबंदीची सोय झाल्याशिवाय शेतकऱ्याच्या हातात फारसे काही नाही. मांजराच्या नावाचा तांदूळ मात्र जमू शकेल. आज धान मोजून देताना व्यापारी ओलावा आणि तांदळाचा तुकडा पाहतो, धुऱ्यावर काय राहते ते कोणी विचारत नाही. पण नागपूर-पुण्यात जंगलाच्या नावाने मध विकत घेणारे गिऱ्हाईक आहेच.

माझ्यापुरते सांगायचे तर बोडीकडचा (लहान तळ्याकडचा) एक धुरा मी तेव्हापासून पेटवलेला नाही. शेजारचे काका म्हणतात, त्यात रानडुकरे बसतील. त्यांचे म्हणणे खोटे नाही, मागच्या वर्षी बसलीही होती, आणि त्यांनी माझ्याच बांधीतली लाखोळी (लाखेची डाळ देणारे पीक) उकरून टाकली.