आद्याक्षरांच्या वेडावर पोट भरेल का?

प्रश्न : मुलगी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सोळाव्या शतकातल्या युरोपीय पुस्तकांतली, प्रकरणाच्या सुरुवातीला लाकडी ठशांनी छापलेली मोठी, नक्षीदार आद्याक्षरं ती तासन्‌तास बघत बसते. ‘प्रत्येक अक्षरात काहीतरी गुपित आहे, मी त्या प्रतीकांवरच पुढे शिकणार’ म्हणते. यात नोकरी मिळते का? – एक आई, सांगली

ताई, ‘प्रतीकतज्ज्ञ हवा’ अशी जाहिरात कधी निघत नाही, हे तिला आजच सांगा. पण वेड टाकाऊ नाही.

स्वित्झर्लंडमधल्या बाझलला १५४३ मध्ये छापलेला, व्हेसालियस या वैद्याचा शरीररचनेचा ग्रंथ तिनं पाहिला असेलच. त्यातल्या मोठ्या ‘क्यू’मध्ये उघडीवाघडी, गुबगुबीत पोरं एका डुकराची चिरफाड करताना दिसतात. डुक्करच का? गेलेन या प्राचीन वैद्यानं जिवंत डुकरांवर प्रयोग करून दाखवले होते, त्या परंपरेचा धागा तिथे आहे. १५५५ च्या आवृत्तीत मोठ्या ‘व्ही’मध्ये ग्रीक पुराणातला, हरलेल्या मार्सियासची कातडी सोलणारा देव अपोलो आला. शरीर उलगडणाऱ्या पुस्तकाला याहून चपखल पुराणकथा कुठली मिळणार! इथे अक्षर आणि मजकूर खरंच एकमेकांशी बोलतात.

आता दुसरं टोक. इंग्लंडमधल्या ‘बिशप्स बायबल’ या इंग्रजी बायबलची १५७२ ची आवृत्ती. त्यातला ‘इब्री लोकांस पत्र’ हा भाग जिथे सुरू होतं, तिथल्या आद्याक्षरात चक्क ग्रीक पुराणातली लेडा आणि हंसाच्या रूपात तिला भुलवणारा देव झ्यूस! धर्मग्रंथात हे गुपित कसलं? छापखान्यात पुराणकथांचे ठसे पडून होते, हवं ते अक्षर त्यात सापडलं, लावून टाकलं. ठसे महाग, म्हणून पुन्हापुन्हा वापरले जात. एकाकडून दुसऱ्या मुद्रकाकडेही जात.

म्हणून तिनं अर्थाआधी ठशाचा माग काढायला शिकावं. तो कुणी कोरला, आधी कुठल्या पुस्तकात आला, कडेला चीर कधी पडली? त्या चिरेवरून साल न छापलेल्या पुस्तकाचाही काळ अंदाजता येतो. दुर्मिळ ग्रंथांची सूची करणारी ग्रंथालयं, संग्रहालयं, लिलावगृहं यांना हे कौशल्य लागतं. जागा मात्र मोजक्या, आणि बऱ्याचशा परदेशात.

तिची जमेची बाजू म्हणजे हात. चित्रकार होल्बाइननं आखलेली ‘मृत्यूची वर्णमाला’ ल्युट्झेलबुर्गर या कारागिरानं लाकडात कोरली. चोवीस अक्षरं, प्रत्येक जेमतेम इंचभर. त्यातलं एक तिनं लाकडावर किंवा लिनोवर उलटं कोरून छापून पाहावं. रेघ ठेवून बाकीचं कोरून काढताना चित्रकाराचं काय आणि कोरणाऱ्याचं काय, ते बोटांना कळतं. नुसत्या पुस्तकी अभ्यासकाला ही समज सहसा नसते.

पदवीनंतर वडोदऱ्याच्या सयाजीराव विद्यापीठात कलेतिहास घ्यावा. जर्मन आत्ताच सुरू करावी, सोबत लॅटिन. या दोन भाषांवाचून पुढचं दार उघडत नाही. मग चित्रांतल्या प्रतीकांच्या अभ्यासासाठी नावाजलेल्या लंडनच्या वॉरबर्ग संस्थेचा विचार करता येईल, पण शिष्यवृत्ती मिळाली तरच. घर गहाण टाकून पाठवू नका, हे माझं स्पष्ट मत. तोवर ई-रारा या स्विस संकेतस्थळावर जुनी पुस्तकं फुकट पाहता येतात. एकच मुद्रक निवडून त्याच्या आद्याक्षरांची नोंदवही करायला लावा.

आणि डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या ‘सीड’ परीक्षेचा अर्ज जरूर भरू द्या. मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात अक्षररचनेचं काम चालतं, आणि अक्षरं आवडणाऱ्या मुलीला तिथे मन मारावं लागणार नाही.