कॅनरी आणि शंख: तुलना डाव्या-उजव्यावरून करा

गाणारा पक्षी आणि समुद्री गोगलगाय यांची तुलना कोणत्या मुद्द्यांवर करावी, असं तुम्ही विचारलंय. पक्षी म्हणून कॅनरी घेऊ आणि गोगलगाय म्हणून मन्नारच्या आखातात सापडणारा आपला पूजेतला शंख, टर्बिनेला पायरम.

एकाला कणा आहे, दुसरा मृदुकाय. एक बिया टिपतो, दुसरा वाळूतले कृमी खातो. हे रकाने पाठ्यपुस्तकातून सहज भरतील. खरी मजा डाव्या-उजव्यात आहे.

कॅनरी बाहेरून दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, आतून तसा नसतो. मादीचं सहसा डावंच अंडाशय काम करतं. आवाज येतो सिरिंक्समधून. श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात तिथे हा अवयव असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र चेता (मज्जातंतू) जातात. पक्ष्यांच्या गाण्याचे अभ्यासक फर्नांडो नॉटेबोम यांनी १९७० च्या दशकात नराची डावी चेता कापली, तेव्हा गाण्याचे बहुतेक तुकडे नाहीसे झाले. उजवी कापल्यावर फारसं बिघडलं नाही. मात्र हा नियम सगळ्या पक्ष्यांना लावू नका. झेब्रा फिंचमध्ये उजवी बाजू वरचढ असते.

शंखात दोन गोष्टी घडतात आणि विद्यार्थी हमखास त्यांची गल्लत करतात. पहिली म्हणजे पीळ: भ्रूणावस्थेत आतड्या-कल्ल्यांचा भाग सुमारे १८० अंश फिरतो आणि गुदद्वार डोक्याच्या वर येतं. पुढे एकच कल्ला उरतो, मूळचा उजवा. दुसरी म्हणजे कवचाचं वेटोळं. ते या पिळामुळे होत नाही. पीळ असूनही लिंपेट या समुद्री गोगलगायीचं कवच साध्या टोपीसारखं असतं.

वेटोळ्याची दिशा पाहायची तर शेंडा वर आणि तोंड आपल्याकडे धरा. नेहमीच्या शंखाचं तोंड उजवीकडे येईल, म्हणून जीवशास्त्रात तो उजवा. पूजेत निमुळती नळी वर धरतात, तेव्हा तेच तोंड डावीकडे जातं. त्यामुळे दुर्मीळ ‘दक्षिणावर्ती’ शंख जीवशास्त्राच्या नोंदीत डावा ठरतो. तक्त्यात शंख कसा धरला ते लिहाच, नाहीतर नोंद उलटी वाचली जाईल.

आता दोघांना जोडणारा धागा. शरीराची डावी-उजवी बाजू ठरवण्यात भाग घेणारं ‘नोडल’ जनुक पक्ष्याच्या भ्रूणात डाव्या बाजूला सक्रिय होतं. क्रिस्टिना ग्रांडे आणि निपम पटेल या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की उजव्या गोगलगायीत ते उजवीकडे आणि डाव्या गोगलगायीत डावीकडे सक्रिय असतं. गोड्या पाण्यातल्या एका डाव्या गोगलगायीत त्यांनी नोडलचा संदेशमार्ग रोखला, तेव्हा काही पिल्लांच्या कवचाला वेटोळंच आलं नाही.